गांधीजींची कवळी

पुण्याच्या आगाखान पॅलेसमधून ६ मे १९४४ रोजी सुटका झाल्यावर आजारी गांधीजी विश्रांतीसाठी मुंबईच्या उपनगरात, जुहूच्या किनारी आले. वय ७४. अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर १९२४ मध्येही ते जुहूलाच राहिले होते. उतारवयात त्यांचे दात गेले. कवळी ते जेवणापुरती लावत, म्हणून बोळक्या तोंडाचे त्यांचे हसू जगाला ठाऊक झाले. दिसण्याची फिकीर नव्हती; अन्न नीट चावण्याकडे मात्र कटाक्ष होता.

पूर्वी कवळीचा पाया कडक रबराचा, म्हणजे व्हल्कनाइटचा असे. १९३० च्या दशकाअखेर ॲक्रिलिक आले. ते हिरडीच्या रंगाचे, हलके, दुरुस्तीला सोपे. पण पडले तर तुटते. धातूचा पाया पातळ आणि मजबूत, मात्र महाग. दात गेल्यावर जबड्याचे हाड झिजत राहते आणि खालची कवळी लवकर सैल होते. दोन इम्प्लांटचा आधार दिल्यास तिची पकड सुधारते. त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते, खर्च वाढतो आणि मधुमेह आटोक्यात असावा लागतो.

कवळी कोणतीही असो, रात्री ती काढून, घासून पाण्यात ठेवावी. हिरड्यांना विसावा मिळतो.

३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजी गेले. कवळी दाखवण्यासाठी नसून जेवण्यासाठी असते, हे त्यांच्या सवयीतून दिसते. दंतवैद्याकडे जाताना पहिला प्रश्न तोच असावा: हिने भाकरी चावता येईल का?