दगडांच्या खोऱ्यातले पाळक : ओबर्लिन



सृष्टीसाठी प्रार्थना करण्याचा काळ १ सप्टेंबरला सुरू होतो आणि ४ ऑक्टोबरला, असिसीचे संत फ्रान्सिस यांच्या सणाला संपतो. या दिवसांत आपल्याकडेही रोपे वाटली जातात, परिसराची सफाई होते. ते पाहून काही जण विचारतात की झाडे लावणे आणि रस्ते झाडणे हे नगरपालिकेचे काम, ते चर्चने का करावे? चर्चने मिस्सा, संस्कार आणि धर्मशिक्षण पाहावे. प्रश्न प्रामाणिक आहे. सेमिनरीत असताना अशा प्रश्नांवर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. पण काही प्रश्नांचा निकाल युक्तिवादापेक्षा एखाद्याच्या आयुष्यात लवकर लागतो, असे आता वाटते. म्हणून या रविवारी योहान फ्रीडरिश ओबर्लिन यांच्याविषयी लिहितो.

ते कॅथलिक नव्हते. ते लुथरन पंथाचे पाळक होते. आपण ज्याला धर्मग्राम म्हणतो त्याला आपले प्रोटेस्टंट बांधव मंडळी म्हणतात. अशा एकाच मंडळीची सेवा त्यांनी सलग ५९ वर्षे केली. युरोपात त्यांचे नाव मोठे आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात १८३३ साली एक गाव आणि महाविद्यालय वसले, त्या दोहोंना त्यांचेच नाव दिले गेले. आपल्याकडे मात्र ते फारसे कुणाला माहीत नाहीत.

ओबर्लिन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १७४० रोजी स्ट्रासबर्ग शहरात झाला. वडील शिक्षक होते. थोरला भाऊ पुढे नावाजलेला विद्वान झाला. धाकट्याने ईशज्ञानाचा अभ्यास केला. पलटणीचा धर्मगुरू व्हायचे, असे त्याच्या मनात होते. तेवढ्यात योहान गेओर्ग स्टूबर नावाचे एक पाळक आपल्या जागी कुणी मिळते का हे शोधत स्ट्रासबर्गला आले. त्यांना हा तरुण माळ्यावरच्या एका खोलीत दाढदुखीने बेजार होऊन पडलेला दिसला. पलंगाला कागदाचे पडदे, आणि पावाचे सूप शिजवायला एक छोटे भांडे. इतक्या थोडक्यात राहणारा माणूसच आपल्या डोंगरात टिकेल, हे स्टूबर यांनी ओळखले.

तो डोंगर म्हणजे आल्सास प्रांतातील वोज पर्वतरांगेतले बान द ला रोश. जर्मन भाषेत त्याला श्टाइनताल म्हणत, म्हणजे दगडांचे खोरे. नावाप्रमाणेच जमीन होती. हिवाळा लांब, माती पातळ आणि नापीक. वाल्डर्सबाख हे मुख्य गाव. त्याच्या भोवती फूदे, बेलमों, बेलफोस आणि सोलबाख ही गावे. स्ट्रासबर्ग पन्नासएक किलोमीटरवर, पण तिथे जायला धड रस्ता नव्हता. पाऊस आणि बर्फ पडू लागले की खोरे जगापासून तुटे. लोक बटाट्यावर जगत, पण त्याचे बियाणे वर्षानुवर्षे तेच ते वापरून खराब झालेले. तेही संपले की रानातली सफरचंदे.

शाळेची अवस्था कशी होती, याविषयी स्टूबर यांची एक हकीकत सांगितली जाते. खोऱ्यात आल्यावर त्यांनी शाळा पाहायला मागितली. एका झोपडीत मुले गोंधळ घालत होती आणि कोपऱ्यात एक म्हातारा पडून होता. तो गुरुजी. तो काहीच शिकवत नव्हता, कारण त्याला स्वतःला काही येत नव्हते. पूर्वी तो गावची डुकरे राखत असे. म्हातारपणी ते काम झेपेना म्हणून गावाने त्याला मुले राखायला दिली होती. स्टूबर यांनी शाळा सुधारल्या, पुस्तकांचा लहानसा संग्रह केला. पाया त्यांचा आहे, हे विसरू नये.

मार्च १७६७ अखेरीस ओबर्लिन वाल्डर्सबाखला आले, तेव्हा त्यांचे वय २६ होते. लोकांनी आनंदाने स्वागत केले असे मुळीच नाही. नवे पाळक काहीतरी बदलू पाहतात हे दिसताच काही जणांनी त्यांना वाटेत गाठून मार द्यायचा बेत केला. ओबर्लिन यांना ते कळले. त्या रविवारी त्यांनी प्रवचन दिले ते अन्याय सोसण्याविषयी. उपासना झाल्यावर बेत करणारे ज्या घरी जमले होते तिथे ते एकटेच गेले आणि मी आलो आहे, काय करायचे ते करा, असे सांगून उभे राहिले. माणसे ओशाळली.

पुढे त्यांनी रस्त्याचा विषय काढला. डोंगराच्या कडेने वाट फोडायची, ब्रूश नदीवर पूल बांधायचा आणि स्ट्रासबर्गच्या सडकेला जोडून घ्यायचे. लोकांनी नाही म्हटले. ज्याची त्याची शेती होती, ज्याच्या त्याच्या अडचणी होत्या. त्यावर ओबर्लिन यांनी भाषण केले नाही. कुदळ खांद्यावर टाकली, एका सोबत्याला घेतले आणि खडक फोडायला सुरुवात केली. पाळकसाहेब घामाघूम होऊन दगड उचलताहेत हे पाहून एकेक जण आपली हत्यारे घेऊन येऊ लागला. हत्यारे कमी पडली तेव्हा त्यांनी स्ट्रासबर्गहून मागवली. पैशासाठी शहरातल्या ओळखीच्या लोकांना पत्रे लिहिली. ठिकठिकाणी दरड थांबवायला भिंती बांधल्या, ओढे वळवले. शेवटी पूल झाला. त्याला लोक प्रीतीचा पूल म्हणू लागले.

आपण कितीही म्हटले तरी धर्मगुरूच्या हातात कुदळ पाहून आपल्याला जरा अवघडल्यासारखे होते. त्या लोकांनाही झाले असणार. पण जो माणूस सकाळी रस्त्यावर दगड फोडत होता, तोच रात्री आपल्या खोलीच्या दारावर खडूने मंडळीतल्या लोकांची नावे लिहून एकेकासाठी प्रार्थना करत होता. त्यांच्यासाठी ही दोन कामे नव्हती.

आता झाडांविषयी. डोंगरात फळझाडे लावली तर उपाशी दिवसांत आधार होईल, हे ओबर्लिन यांना दिसत होते. पण शहरातून आलेल्या माणसाने शेतकऱ्याला शेती शिकवलेली कुणाला आवडते? म्हणून त्यांनी कुणालाच काही सांगितले नाही. पाळकाच्या घराच्या जमिनीतले, लोकांच्या रोजच्या वाटेला लागून असलेले तुकडे निवडले. तिथे खड्डे खणले, चांगली माती आणि खत भरले आणि सफरचंद, नासपती, आलुबुखार अशी कलमे लावली. झाडे वाढली. जातायेता लोक पाहत होते. भोवतीची त्यांची जमीन उघडी आणि पाळकाच्या तुकड्यात हिरवळ. अखेर लोक स्वतःहून विचारायला आले. तेव्हा त्यांनी कलम बांधायला शिकवले. त्यासाठी किती वर्षे थांबावे लागले असेल याचा विचार करावा. आपल्याला लावलेले रोप पुढच्या वर्षी दिसले नाही तरी चालते, फोटो असतो.

पुढे त्यांनी एक नियम केला. त्यांच्या मंडळीत दृढीकरणाला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आधी झाडे लावल्याचा दाखला आणायचा. (लुथरन पंथ दृढीकरणाला आपल्यासारखा संस्कार मानत नाही, पण श्रद्धेची जाहीर कबुली म्हणून त्याला फार महत्त्व देतो.) प्रश्नोत्तरे पाठ असणे जितके गरजेचे, तितकेच हे. देवावर श्रद्धा आहे असे म्हणणाऱ्याने देवाच्या जमिनीवर काहीतरी जिवंत ठेवले पाहिजे, इतका साधा त्यामागचा विचार. पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीविषयीचे परिपत्रक २०१५ साली आले. त्याआधी दोनशेहून अधिक वर्षे एका आडगावच्या पाळकाने ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या वर्गात नेऊन ठेवली होती.

मातीकडेही त्यांचे तसेच लक्ष होते. पाला, शेवाळ, लाकडाचा भुसा, जे कुजेल ते कुजवून खत करायला त्यांनी लोकांना लावले. लोकरीच्या चिंध्या आणि जुने जोडे बारीक कापून देणाऱ्या मुलांना ते पैसे देत. बटाट्याचे नवे बियाणे बाहेरून आणले, जवसाचे बी रिगाहून मागवले. शेतकऱ्यांची एक मंडळी स्थापून तिचे नियमित मेळावे घेतले. गावातल्या हुशार मुलांना गवंडी, सुतार, लोहार, गाडे बनवणारा अशी कामे शिकायला शहरात पाठवले. अवजारे घाऊक घेऊन मूळ किमतीला, तीही हप्त्याने दिली. लहान कर्जासाठी फंड काढला.

हे सर्व पैशावाचून होत नाही. ओबर्लिन यांनी स्वतःच्या घरात तीन पेट्या ठेवल्या होत्या. जुन्या करारात दशमांश सांगितला आहे, त्यावरून ते मिळकतीचा दहावा हिस्सा एकदा नव्हे तर तीनदा काढत. एक हिस्सा उपासना आणि शाळा यांसाठी, दुसरा रस्ते व पूल अशा सर्वांच्या कामांसाठी, तिसरा गरिबांसाठी. वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांत गुलामांचे हाल होतात हे समजल्यावर त्यांनी साखर आणि कॉफी सोडली. आपल्या ताटात येणारी वस्तू कुठून आणि कुणाच्या घामातून येते, हा प्रश्न त्या काळी फार थोड्यांना पडत होता.

या कामाचा अर्धा भार स्त्रियांनी उचलला. बेलमों गावात सारा बान्झेट नावाची तरुणी लहान मुलांना जवळ बसवून विणकाम शिकवत असे. ओबर्लिन पती-पत्नींनी ते पाहिले आणि त्यातून १७७० च्या सुमारास गावोगावी विणकामाच्या खोल्या सुरू झाल्या. आईवडील शेतावर असताना मुले तिथे येत. हात विणकामात आणि कान गोष्टींकडे. पवित्र शास्त्रातल्या कथा, नकाशे, खोऱ्यातल्या झाडाझुडपांची नावे, असे सारे तिथे शिकवले जाई. जगातल्या पहिल्या बालवाड्यांत त्यांची गणना होते. सारा १७७४ साली, तिशीच्या आतच वारली. तिच्या मागे बेलफोसची लुईझ शेपलर आली. ती पंधराव्या वर्षी ओबर्लिन यांच्या घरी कामाला लागली होती. १७८३ साली ओबर्लिन यांची पत्नी वारली. त्यांना नऊ मुले झाली होती, त्यांतली सात जगली. लुईझने घर आणि शाळा दोन्ही सांभाळले आणि नंतर पगार घेणे बंद करून मला लेकीसारखी ठेवा, एवढेच मागितले. १८२९ साली फ्रेंच अकादमीने तिला सद्गुणाचे पारितोषिक म्हणून ५००० फ्रँक दिले. साराचे नाव मात्र मागे पडले, आणि ते अन्यायाचेच झाले.

ओबर्लिन यांची प्रत्येक गोष्ट मानावी असे नाही. चेहऱ्याच्या ठेवणीवरून स्वभाव ओळखण्याच्या शास्त्रावर त्यांचा भरवसा होता. पत्नी वारल्यानंतर कित्येक वर्षे ती आपल्याला भेटते असे ते मानत, आणि स्वर्गातल्या निवासस्थानांचा त्यांनी चक्क नकाशा केला होता. आपल्या श्रद्धेत हे बसत नाही. माणूस थोर असला तरी त्याच्या सगळ्या कल्पना थोर नसतात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात उपासनेवर बंदी आली. त्यांनी नागरिकांचा क्लब म्हणून लोकांना जमवले आणि शिकवण चालू ठेवली. जीव वाचवत फिरणाऱ्यांना घरात आसरा दिला. १७९४ साली त्यांना अटकही झाली, पण रोबेस्पिएरची सत्ता कोसळल्यावर ते सुटले.

त्यांच्या उतारवयातले एक काम मला रस्त्याइतकेच मोलाचे वाटते. खोऱ्यातल्या जंगलावरून गावकरी आणि जमीनदार यांच्यात ऐंशीएक वर्षे खटला चालू होता. रोतो येथल्या लोखंडाच्या भट्ट्यांना कोळशासाठी लाकूड हवे होते. गावकऱ्यांना सरपण, घरासाठी वासे आणि गुरांना चारा हवा होता. खटल्याच्या खर्चाने गावे पिळून निघाली होती, आणि मालक कोण हे ठरत नसलेल्या जंगलाची निगा कुणी राखत नाही. वकिलांना जमले नाही ते सत्तरी ओलांडलेल्या पाळकाने घरोघरी जाऊन समजूत घालून साधले. प्रीफेक्ट लेझे-मार्नेझिया यांच्या पुढाकाराने १८१३ साली तडजोड झाली. ज्या लेखणीने करारावर सह्या झाल्या ती गावांच्या महापौरांनी ओबर्लिन यांना भेट दिली. त्याच सुमारास लग्रां कुटुंबाने फिती विणण्याचा कारखाना फूदे गावी आणला आणि घरोघर माग बसले.

१८१८ साली शेतीच्या कामाबद्दल पॅरिसहून सुवर्णपदक आले, १८१९ साली सरकारचा लिजन ऑफ ऑनर हा किताब. १ जून १८२६ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी ओबर्लिन वारले. वाल्डर्सबाखहून फूदेला त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा आसपासच्या गावांतले कॅथलिक लोकही तीत सामील झाले होते. फूदेच्या चर्चशेजारी त्यांची कबर आहे. तिच्यावर साधा लोखंडी क्रूस उभा केला आहे. त्या क्रूसावर पदव्या नाहीत, किताब नाही. लोक त्यांना पपा ओबर्लिन म्हणत, तेवढेच तिथे लिहिले आहे.