बाळंतपणाची रजा आणि बाबासाहेब

एप्रिल महिना आला की आमच्या सानगडीपासून साकोलीपर्यंत गावोगावी बाबासाहेबांचे चरित्र सांगितले जाते. महाडचे पाणी, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा. ही सगळी पाने तरुणांना पाठ आहेत. याच दिवसांत मोबाईलवर एक संदेशही फिरतो, की भारतातल्या प्रत्येक बाईला बाळंतपणाची रजा बाबासाहेबांनी दिली. संदेश पुढे पाठवला जातो, पण नेमके काय झाले ते सांगणारे कमी भेटतात. आम्ही या भागात महिलांच्या बैठका घेतो. तिथे हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्याचा हा धागा सलग मांडत आहोत.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे रामजी सुभेदार आणि भीमाबाई यांचे चौदावे अपत्य. चौदा बाळंतपणे, आणि त्यातली बरीच मुले लहानपणीच गेलेली. भीमराव पाच-सहा वर्षांचे असताना साताऱ्यात भीमाबाईंचे निधन झाले आणि आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. पुढे त्यांच्या स्वतःच्या संसारातही तेच घडले. रमाईंना पाच मुले झाली, त्यातला एक यशवंत वाचला. गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटी राजरत्न. राजरत्न जुलै 1926 मध्ये गेला. त्या वेळी हे कुटुंब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. भोवती सगळी गिरणी कामगारांची वस्ती होती. पोट पुढे आलेल्या बाया गिरणीच्या भोंग्याबरोबर कामाला जात आणि बाळंत झाल्यावर जमेल तितक्या लवकर पुन्हा खात्यात उभ्या राहत, कारण खाडा म्हणजे पगार नाही. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही माता-मृत्यू आणि बालमृत्यूची कारणे शिकलो. बाबासाहेबांना ती शेजारच्या खोलीत दिसत होती.

1927 च्या फेब्रुवारीत ते मुंबई विधिमंडळाचे नियुक्त सदस्य झाले. पुढच्याच वर्षी तिथे कारखान्यांतल्या स्त्री कामगारांना प्रसूतिकाळात भत्ता देणारे विधेयक आले. ते बाबासाहेबांनी मांडलेले नव्हते. ते आणले आसवले यांनी. त्याआधी ना. म. जोशी यांनी केंद्रीय कायदेमंडळात असाच प्रयत्न केला होता आणि तो हाणून पाडण्यात आला होता. 1919 साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने प्रसूतीच्या आधी आणि नंतर मिळून बारा आठवड्यांच्या रजेचा करार केला, तोही भारत सरकारने मान्य केला नव्हता. हे आम्ही मुद्दाम सांगतो. बाबासाहेबांचे मोठेपण दुसऱ्याचे श्रेय त्यांच्या नावावर टाकून वाढत नाही. शिवाय विरोधक एक चूक पकडतो आणि सगळेच खोटे ठरवून मोकळा होतो.

28 जुलै 1928 रोजी बाबासाहेब या विधेयकाच्या बाजूने बोलले. मालकांच्या बाजूने तक्रार अशी होती की हा बोजा उद्योगावर का टाकायचा. बाबासाहेबांच्या मांडणीत दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की गरोदर बाईला विश्रांती मिळणे ही देशाच्या हिताची बाब आहे, त्यामुळे खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलायला हवा. दुसरी अशी की म्हणून मालक सुटत नाही. काही उद्योगांत मालक पुरुषांऐवजी बाया कामाला ठेवतो, कारण त्यात त्याचा जास्त फायदा असतो. ज्याने फायदा घ्यायचा त्याने बाळंतपणाच्या काळातला भारही उचलायचा. दयेचा, दानाचा किंवा मायबाप मालकाच्या मनाच्या मोठेपणाचा यात काही संबंध नाही, हा सरळ मजुरीचा हिशेब आहे. 1929 मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला आणि रोजच्या आठ आण्यांप्रमाणे भत्ता ठरला. देशातला या विषयावरचा तो पहिला कायदा. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता. तिथे 1930 मध्ये असाच कायदा आला. पण हे कायदे कारखान्यांपुरते होते. ओसरीवर सूप घेऊन बसलेली, तेंदूपत्ता कापणारी, तंबाखू भरून बिडी वळणारी बाई त्यात नव्हती.

1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो पडला. मूल कधी व्हावे, किती व्हावीत आणि झाल्यावर बाईच्या पोटापाण्याचे काय, हे प्रश्न बाबासाहेबांना एकमेकांपासून वेगळे वाटत नव्हते, असे आम्हाला या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्यावर दिसते.

जुलै 1942 मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि हजारो बाया आल्या होत्या. तिथे घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला विरोध यांबरोबरच गिरण्या, बिडी, नगरपालिका आणि रेल्वेतल्या बायांच्या रजा व कामाच्या अटींचा ठराव झाला. त्यात बिडीचे नाव आहे हे भंडारा-गोंदियाच्या वाचकांनी लक्षात घ्यावे. विदर्भातल्या आपल्या आज्या-पणज्यांनी कामाच्या रजेची मागणी तेव्हाच लेखी मांडली होती.

त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. खाणीतल्या बायांसाठी प्रसूती भत्त्याचा कायदा 1941 मध्ये झाला होता. त्यातल्या शब्दांचा फायदा घेऊन मालक पैसे टाळत असत. 1943 मध्ये बाबासाहेबांनी दुरुस्ती आणून ती पळवाट बंद करायला घेतली आणि 1945 मध्ये जमिनीखाली काम करणाऱ्या बायांसाठी संरक्षणाची मुदत वाढवली. आपल्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग या मँगनीजच्या खाणी आहेत. खाणीचा कायदा म्हणजे झरिया-धनबादची दूरची गोष्ट, असे समजायचे कारण नाही.

इथे एक अवघड पानही आहे आणि ते जयंतीच्या भाषणात कधी येत नाही. 1937 पासून बायांना खाणीत जमिनीखाली उतरवायला बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडला, पुरुष मजूर दुसऱ्या कामांवर गेले, आणि 1943 मध्ये सरकारने ही बंदी उठवली. खाते बाबासाहेबांचे होते. अखिल भारतीय महिला परिषदेने कडाडून विरोध केला. कायदेमंडळात बाबासाहेबांनी निर्णयाचे समर्थन केले. आणीबाणीची गरज हे कारण त्यांनी दिले आणि समान कामाला पुरुषाइतकीच मजुरी ही अट पुढे केली. 1946 च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. आमचे मत असे की निर्णय चुकीचा होता. समान मजुरीचे तत्त्व मोलाचे असले तरी अंधाऱ्या, दमट खाणीत गरोदर बाईला उतरावे लागण्याची किंमत त्याने भरून निघत नाही. 1945 ची दुरुस्ती मात्र त्याच काळातली आहे. बाया खाली उतरतातच तर त्यांचे संरक्षण वाढले पाहिजे, एवढे त्यांनी पाहिले. सरकारात बसलेल्या माणसाला काय काय पत्करावे लागते हे या पानावरून कळते, आणि चरित्र वाचायचे तर तेही वाचावे.

त्यांच्याच कारकिर्दीत बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. 1944 मध्ये तिचा अहवाल आला आणि त्यातून पुढे 1948 चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. प्रसूती लाभ त्याचा भाग आहे. मालक, कामगार आणि सरकार यांच्या सामाईक निधीतून पैसा देण्याची ही पद्धत 1928 च्या त्यांच्या मांडणीच्या जवळ जाते, कारण एकट्या मालकावर सगळा भार आला की तो तरुण बाईला कामावरच घेत नाही.

राज्यघटनेच्या कलम 42 मध्ये कामाची न्याय्य व माणुसकीची परिस्थिती आणि प्रसूती साहाय्य यांची तरतूद करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. हे कलम मार्गदर्शक तत्त्वांत आहे, म्हणजे त्याच्या जोरावर थेट कोर्टात दावा लावता येत नाही. तरीही 2000 मध्ये दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरच्या मजूर बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा आधार घेतला आणि रोजंदारीवरच्या बाईलाही प्रसूती लाभ मिळवून दिला. आपल्या वस्तीतल्या कंत्राटी आणि रोजंदारी बायांना हा निकाल माहीत असायला हवा.

1954 मध्ये बाबासाहेब आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तब्येत ढासळली होती. 1956 च्या ऑक्टोबरमध्ये दीक्षा आणि 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण. देशभराचा प्रसूती लाभ कायदा 1961 चा, म्हणजे त्यांच्यानंतर पाच वर्षांनी झालेला. तेव्हा बारा आठवडे होते. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे झाले, तिसऱ्यापासून बाराच. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम झालेले हवे. रजेच्या काळात कामावरून काढणे बेकायदा आहे. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळंतपणाचा पुरावा दिल्यापासून 48 तासांत द्यायचे आहेत. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवे. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, मुख्य हक्क तेच राहिले. बापाला मात्र खासगी नोकरीत कायद्याने एक दिवसही नाही. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात, तेवढेच.

आणि बिडी? 1966 च्या बिडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही प्रसूती लाभ लागू केला. वैद्यकीय बोनससारख्या एक-दोन तरतुदी तिला नाहीत, पण रजेचा पगार तिचा होता. तो कायदाही आता नव्या संहितांत विलीन झाला आहे. अडचण पुराव्याची असते. एका कार्डावर सासू, सून, नणंद अशा तिघी वळतात आणि नाव सासूचे असते. कधी ठेकेदार वहीत पूर्ण आकडा लिहीत नाही. रजेचा पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी मजुरीवर ठरतो, म्हणून ज्या बाईचे नाव वहीतच नाही तिची सरासरी शून्य निघते. बैठकीत आम्ही हे सांगतो तेव्हा बाया हसतात आणि म्हणतात, नाव घालायला सांगितलं तर पाला देणंच बंद करीन तो.

साकोली तालुक्यातल्या ज्या तरुणांना या पावसाळ्यात वेळ आहे त्यांनी आपल्या मोहल्ल्यातली कार्डे आणि वह्या बघून कोणाचे नाव कुठे नाही याची यादी करायला आमच्याबरोबर यावे. रोवणी संपली की ती यादी घेऊन आम्ही भंडाऱ्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जाणार आहोत.