एका रात्रीचं डिझाइन, पुढची वीस वर्षं

हॅकॅथॉन म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? टेबलभर लॅपटॉप, एक्स्टेन्शन बोर्डसाठी मारामारी, पहाटे तीनचा चहा आणि सकाळी ज्युरीसमोर डोळे चोळत दिलेलं प्रेझेंटेशन. स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनमध्ये टीम सहा जणांची असते, पण हल्ली प्रत्येक टीममध्ये एक सातवा मेंबरही असतो. तो झोपत नाही, चहा मागत नाही. कोड लिहून देतो, स्लाइड बनवून देतो, आयडियासुद्धा सुचवतो. एआय! सेलूच्या कॉलेजातल्या पोरापोरींच्या हातात आज तेच हत्यार आहे, जे पुण्या-मुंबईच्या टीमकडे आहे. भारीच ना?

भारी आहेच. पण बक्षीस मिळाल्यावर त्या आयडियाचं पुढे काय होतं? ते समजून घ्यायचं तर एका मराठी माणसाला भेटायला हवं. त्याने अशीच एक स्पर्धा सव्वाशे वर्षांपूर्वी जिंकली होती. तेव्हा मुंबईत घरोघरी वीजसुद्धा आली नव्हती. नाव शंकर आबाजी भिसे. पुढे अमेरिकेत त्यांना भारताचा एडिसन म्हणू लागले. आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकलंय?

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. लहानपणापासून यंत्रांचं वेड. चौदाव्या वर्षी त्यांनी घरच्या घरी कोळशापासून गॅस तयार करायचं उपकरण बनवलं. सोळाव्या वर्षी ठरवून टाकलं की आपण इंग्लंड-अमेरिकेला जायचं आणि शोधच लावायचे. घरची परिस्थिती मात्र लगेच बोटीत बसावं अशी नव्हती. मग काय, चारचौघांसारखी सरकारी नोकरी धरली. हिशेबखात्यात. दिवसा आकडे मांडायचे आणि उरलेल्या वेळात यंत्रं.

नोकरी सांभाळून या माणसाने काय काय केलं बघा. विज्ञानाची आवड असणाऱ्यांचा क्लब काढला. उघडली तर लगेच कळेल अशी बाटली बनवली. लोकल गाडीत पुढचं स्टेशन कुठलं हे दाखवणाऱ्या यंत्राचा विचार केला. आज लोकलच्या डब्यात लाल अक्षरं सरकत जातात ना, त्याच गरजेवर हा माणूस १९ व्या शतकात डोकं खपवत होता. एक वस्तू बघता बघता दुसऱ्या वस्तूत बदलतेय असा भास निर्माण करणारे दृष्टिभ्रमाचे प्रयोगही त्यांनी केले, लोकांना दाखवले आणि वाहवा मिळवली.

आणि मग आली ती स्पर्धा. १८९७ च्या सुमाराला लंडनमधल्या शोधकांच्या एका नियतकालिकाने एक प्रश्न जाहीर केला. साखर, पीठ असा सुटा किराणा आपोआप मोजून देणारं यंत्र तयार करा. आजच्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम स्टेटमेंट. भिसे यांनी मध्यरात्री बसून यंत्राचा आराखडा कागदावर उतरवला, असं सांगतात. तो लंडनला गेला आणि पहिला आला. साहेबाच्या देशातल्या शोधकांना मागे टाकून मुंबईतला एक नोकरदार जिंकला होता!

हा प्रश्न किती साधा वाटतो. पण सेलूच्या मोंढ्यात तासभर उभं राहा, म्हणजे त्याची किंमत कळेल. शेतकऱ्याचा सगळा जीव काट्यावर असतो. माप मारलं की नाही, कडता किती कापला, यावरून रोज वाद होतात. मोजणारा माणूस दमतो, चुकतो, कधी मुद्दाम चुकतो. दुकान लंडनचं असो की सेलूचं, दुखणं तेच. स्पर्धेचा तो प्रश्न हवेतला नव्हता. तो रोज काम करणाऱ्या माणसांच्या हातातून आला होता.

या बक्षिसाने भिसे यांचं नाव मुंबईत झालं. काँग्रेसमधले वजनदार नेते दिनशा वाच्छा यांनी त्यांना ओळखपत्र दिलं आणि १९ वं शतक संपता संपता भिसे लंडनला पोचले. थेट दादाभाई नौरोजींच्या दारात. दादाभाई म्हणजे १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले पहिले भारतीय. त्यांनी या तरुणाला हात दिला. गुंतवणूकदार शोधले, करारमदार बघून दिले. आज आपण मेंटॉर म्हणतो ना, तेच.

लंडनमध्ये भिसे अक्षरशः सुटलेच. स्वयंपाकघरातली उपकरणं, आपोआप फ्लश होणारं संडास, डोकेदुखीवरचं साधन आणि दुकानाच्या खिडकीत लखलखत जाहिराती दाखवणारा विजेचा फलक. पण त्यांचं मन अडकलं ते छपाईत.

तेव्हा छापखान्यात काम कसं चालायचं? प्रत्येक अक्षराचा शिशाचा खिळा. जुळारी तो एकेक उचलून ओळ जुळवायचा. खिळे झिजायचे, पुन्हा ओतावे लागायचे. हे काम वेगाने करणारी लायनोटाइप आणि मोनोटाइप ही यंत्रं नुकतीच आली होती. एक अख्खी ओळ ओतायचं, दुसरं सुटं अक्षर. मोनोटाइपचा वेग मिनिटाला साधारण दीडशे अक्षरांचा. वितळलेलं शिसं साच्यात थंड व्हायला जो वेळ लागतो, त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार? भिसे म्हणाले, आपण याहून कितीतरी वेगवान यंत्र करू. या धंद्यातल्या मुरलेल्या इंजिनिअरांनी त्यांना वेड्यात काढलं. भिसे यांनी यंत्र उभं करून दाखवलं. मिनिटाला १,२०० खिळे ओतून त्यांची जुळणी करणारं. त्याचं नाव भिसोटाइप.

इथे सिनेमा असता तर टाळ्या वाजल्या असत्या आणि पडदा पडला असता. पण खरी कसोटी इथून पुढे सुरू झाली.

यंत्र चालतं हे दाखवणं वेगळं आणि ते शेकडो छापखान्यांत रोज, न बिघडता चालवणं वेगळं. त्यासाठी वर्कशॉप हवं, कारागीर हवेत, पेटंटची फी हवी, सुटे भाग हवेत. थोडक्यात, पैसा हवा. तो उभा करण्याची जबाबदारी घेतली हेन्री हाइंडमन यांनी. गंमत बघा, हाइंडमन म्हणजे ब्रिटनमधले बडे समाजवादी नेते आणि ते निघाले भांडवल गोळा करायला! ती रक्कम काही जमली नाही. १९०७ उजाडेपर्यंत दादाभाईही थकून भारतात परतले होते. १९०८ च्या सुमाराला भिसे यांना वर्कशॉपला कुलूप लावून मुंबईची बोट पकडावी लागली.

पण नशीब बोटीवरच भेटलं. त्याच बोटीवर गोपाळ कृष्ण गोखले होते. त्यांनी भिसे यांची गाठ घालून दिली ती जमशेटजी टाटांचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याशी. (आपल्याला माहीत असलेले रतन टाटा नव्हेत, हे त्यांच्या आधीच्या पिढीतले.) टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट उभी राहिली आणि भिसे पुन्हा लंडनला गेले. काम पुन्हा सुरू झालं, यंत्रात सुधारणा होत राहिल्या. पण बाजारात पाय रोवलेल्या कंपन्यांच्या यंत्रांना हटवणं सोपं नव्हतं. छापखान्यांनी तीच यंत्रं घेतलेली, कामगार त्यांच्यावरच शिकलेले. त्यात पहिलं महायुद्ध पेटलं. नफा दिसेना, तेव्हा टाटांनीही हात आखडता घेतला.

दुसरा कुणी असता तर घरी परतला असता. भिसे १९१६ च्या सुमाराला अमेरिकेला गेले. वय पन्नाशीला टेकलेलं. न्यूयॉर्कमध्ये नव्याने सुरुवात केली, खिळे ओतायच्या यंत्राचं आणखी सुटसुटीत रूप तयार केलं, त्यासाठी कंपनीही काढली. त्यांना व्यापारी यश मिळालं ते मात्र भलत्याच गोष्टीत. आयोडिनवर आधारलेलं ॲटोमिडिन नावाचं औषध त्यांनी तयार केलं आणि ते अमेरिकेत चांगलं खपलं. आयुष्याच्या शेवटी शेवटी खुद्द एडिसनशी त्यांची भेट झाली. सुमारे २०० शोध आणि ४० पेटंट असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांचं निधन झालं. ज्या यंत्रासाठी वीस वर्षं घातली, त्याने जगातले छापखाने काही बदलले नाहीत.

मग भिसे हरले का? मला तसं वाटत नाही. त्यांच्या आयुष्याचे सरळ दोन भाग पडतात. एक, रात्रीत काढलेला आराखडा. दोन, तो आराखडा कामाच्या जागी पोचवण्यासाठीची वीस वर्षं. एआयने आपल्याला दिलंय ते पहिल्या भागाला लागणारं बळ. ज्या प्रोटोटाइपला आठवडा लागायचा, तो एका रात्रीत होतो. पण दुसरा भाग होता तिथेच आहे.

एक साधं उदाहरण घ्या. कापूस खरेदीत ओलावा मोजतात. कापूस महामंडळ साधारण ८ ते १२ टक्क्यांपर्यंतचा ओलावा चालवून घेतं, त्यापुढे माल नाकारतात. समजा, तुमच्या टीमने मोबाइलच्या फोटोवरून कापसाची प्रत सांगणारं ॲप बनवलं. एआय लावून छत्तीस तासांत डेमो तयार, ज्युरी खूश. पण गाठोड्याच्या आतला ओलावा फोटोत दिसेल का? जिनिंगमध्ये उडणाऱ्या रुईत कॅमेरा स्वच्छ राहील का? ग्रेडरचं आणि ॲपचं म्हणणं वेगळं निघालं तर शेतकऱ्याला भाव कोणाच्या शब्दावर मिळणार? हे प्रश्न एआयला विचारलेत तर उत्तर मिळेलही. पण तेच उत्तर शेजारच्या टेबलावरच्या टीमलाही मिळेल. जिनिंगमधल्या हमालाला विचारलंत, तर मिळणारं उत्तर फक्त तुमचं असेल.

मोठ्या कंपन्यांतही हीच गत. फेसबुकच्या लाइक बटणाचा पहिला नमुना २००७ साली त्यांच्याच कर्मचाऱ्यांच्या हॅकॅथॉनमध्ये बनला होता. प्रत्यक्षात बटण आलं २००९ साली. एवढ्या बलाढ्य कंपनीत, आपल्याच माणसांची आयडिया मान्य व्हायला दोन वर्षं लागली! ऑफिस असो, कारखाना असो की बँकेची शाखा, नवी गोष्ट रुजते ती तिचा पाठपुरावा करणारं कुणीतरी टिकून राहतं म्हणून.

तेव्हा दोस्तहो, पुढच्या हॅकॅथॉनला एआय जरूर वापरा, बिनधास्त वापरा. फक्त दोन कामं जास्तीची करा. स्पर्धेआधी एक दिवस मोंढ्यात, जिनिंगमध्ये, नाहीतर सेलू स्टेशनच्या मालधक्क्यावर जाऊन नुसतं बघत बसा आणि काम करणाऱ्यांना विचारा की त्यांचं डोकं रोज कशाने दुखतं. आणि बक्षीस मिळालं, तर आयडिया कुणाच्या नावावर, पैसा कोण घालणार, सहा महिन्यांनी टीममध्ये कोण राहणार, हे त्याच आठवड्यात कागदावर लिहून काढा. भिसे यांना करारमदार समजावून सांगायला दादाभाई नौरोजी होते. तुमच्या कॉलेजात कुणी ना कुणी सर, मॅडम असतीलच. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांचं दार वाजवा.