बीसीएचमधला ‘बी’

मागच्या दिवाळीत दुबईतल्या एका कार्यक्रमाला गेलो, तर तिकिटावर चहाचा डाग! तरीही दारावर क्यूआर कोड चटकन वाचला गेला, आणि मला राजचंद्र बोस आठवले. इंजिनीअरिंगला ‘बीसीएच’ कोड घोकला, पण त्यातल्या ‘बी’चं आयुष्य कधी वाचलंच नव्हतं.

बोस १९०१ साली होशंगाबादला जन्मले, रोहतकला वाढले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात आई गेली, पाठोपाठ वडील. शिकवण्या करत ते शिकले. १९३२ मध्ये महालनोबिस यांनी त्यांना कोलकात्यात संख्याशास्त्राकडे वळवलं. १९४९ मध्ये, वयाच्या पन्नाशीला टेकताना, ते नॉर्थ कॅरोलायनाला गेले. आपले शरदचंद्र श्रीखंडे तिथले त्यांचे विद्यार्थी. १९५९ मध्ये या दोघांनी पार्कर यांच्यासह ऑयलरचं पावणेदोनशे वर्षांचं अनुमान खोटं ठरवलं.

१९६० मध्ये बोस आणि रे-चौधरी यांनी हा कोड मांडला. फ्रान्सचे ऑकेंगेम वर्षभर आधी स्वतंत्रपणे तिथेच पोचले होते.

क्यूआर कसा वाचायचा, हे सांगणारे १५ बिट याच कोडचे: ५ माहितीचे, १० तपासणीचे. त्यातले कुठलेही ३ बिघडले तरी हमखास दुरुस्त होतात. चौथा बिघडला की हमी संपली. कधी चुकीचंच उत्तर बरोबर म्हणून हाती येतं! जास्त चुका सोसायच्या, तर तपासणीचे बिटही जास्त मोजायचे. फुकट काहीच नाही.

१९८७ मध्ये बोस कोलोरॅडोत वारले. कोड किती चुका सोसेल, हे आधीच ठामपणे सांगता येतं, ही त्यांची देणगी. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना आमच्या प्रोग्रॅमबद्दल असं छातीठोक सांगता येतं का हो?