विश्लेषण : स्पॉटिंग स्कोपमधून शनी पाहायचाय? आयपीसचे गणित मांडणारे हायगेन्स कोण होते?

पक्षीनिरीक्षणासाठी घेतलेला स्पॉटिंग स्कोप रात्री शनीकडे वळवण्याचा मोह अनेकांना होतो. काही स्कोपचा आयपीस, म्हणजे डोळा लावायचा भाग, काढून तिथे सव्वा इंची खगोलीय आयपीस बसवता येतो. पण आयपीस बसला म्हणजे जुळला असे नाही. असे का, याचे उत्तर डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या कामात सापडते.

भिंगे घासणारा मुत्सद्द्याचा मुलगा

हायगेन्स यांचा जन्म १४ एप्रिल १६२९ रोजी हेगमध्ये झाला. वडील मुत्सद्दी आणि कवी. तत्त्ववेत्ते देकार्त हे घरचे स्नेही. लायडनमध्ये कायदा आणि गणित शिकलेले हायगेन्स वडिलांच्या वाटेने गेले नाहीत. थोरल्या भावासोबत ते घरीच दुर्बिणीची भिंगे घासू लागले.

शनीचे कोडे कसे सुटले?

गॅलिलिओ यांना १६१० मध्ये शनीच्या दोन्ही बाजूंना गोळे दिसले होते. १६१२ मध्ये ते गायब झाले. हायगेन्स यांनी २५ मार्च १६५५ रोजी सुमारे ५० पट मोठे दाखवणाऱ्या स्वतःच्या दुर्बिणीतून शनीचा चंद्र टायटन शोधला. शनीभोवती त्याला कुठेही न टेकणारी पातळ, सपाट कडी आहे, हे त्यांनी १६५९ मध्ये ग्रंथातून मांडले. कडी आपल्याकडे धार करून आली की दिसेनाशी होते. इथे कामी आले ते चांगले घासलेले वस्तुभिंग, म्हणजे दुर्बिणीचे पुढचे भिंग. याच काळात, १६५६ मध्ये, त्यांनी लंबकाचे घड्याळही तयार केले.

आयपीसमध्ये काय बदलले?

तेव्हा आयपीस म्हणून एकच बहिर्गोल भिंग वापरत. दिसणारा भाग लहान आणि कडेला रंगीत झालर, ही त्याची अडचण. हायगेन्स यांनी १६६२ च्या सुमारास एका बाजूने सपाट अशी दोन भिंगे ठरावीक अंतरावर ठेवली. पहिले भिंग कडेचे किरण आत वळवते, त्यामुळे जास्त भाग दिसतो. अंतर अचूक असेल तर कडेची रंगीत झालरही बरीच कमी होते. काच तीच, बदलली फक्त मांडणी.

मर्यादा कोणती?

त्या काळच्या दुर्बिणी खूप लांब असत. पुढे हायगेन्स यांनी नळीच काढून टाकली : वस्तुभिंग उंच खांबावर, आयपीस खाली आणि दोन्ही एका रेषेत ठेवायला दोरी. इतक्या लांबीत किरण हळूहळू एकत्र येतात आणि हा आयपीस उत्तम चालतो. आखूड नळीत किरण तीव्र कोनात येतात आणि प्रतिमा धूसर होते. स्पॉटिंग स्कोप आखूडच असतो.

मग कोणता आयपीस घ्यावा?

स्वस्त दुर्बिणींसोबत येणाऱ्या, इंग्रजी ‘एच’ अक्षर असलेल्या आयपीसपेक्षा प्लॉसल प्रकार बरा. त्याची रचना १८६० मधली, चार भिंगांची. किती पट मोठे दिसेल, याचा हिशेब सोपा : स्कोपच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागा. ४०० मिमीच्या स्कोपला १० मिमीचा आयपीस लावला की ४० पट. शनीची कडी ओळखू यायला हे पुरते. ४ मिमीचा लावला तर १०० पट, पण प्रतिमा अंधूक होते आणि हवेची थरथरही तितकीच वाढते. आयपीस पुरेसा आत जात नसेल तर तारे फोकसच होत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी तो आपल्याच स्कोपवर लावून रात्री ताऱ्यावर तपासावा.

अखेरची वर्षे

हायगेन्स १६६६ पासून पॅरिसच्या विज्ञान अकादमीत होते. आजारपणामुळे १६८१ मध्ये ते हेगला आले आणि पुन्हा पॅरिसला गेले नाहीत. प्रकाश लाटांच्या रूपात पसरतो, हे मांडणारा त्यांचा ग्रंथ १६९० मध्ये आला. ८ जुलै १६९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचे यान १४ जानेवारी २००५ रोजी, त्यांनीच शोधलेल्या टायटनवर उतरले.