विश्वाची मोजपट्टी देणाऱ्या हेन्रिएटा लेव्हिट

आकाशात दोन तारे सारखेच तेजस्वी दिसले तरी ते सारख्याच अंतरावर असतात असे नाही. एखादा जवळचा पण मंद असेल, तर दुसरा दूरचा पण प्रखर. मग अंतर ओळखायचे कसे? हा पेच सोडवण्याचा मार्ग हेन्रिएटा स्वॉन लेव्हिट यांनी दाखवला.

त्यांचा जन्म ४ जुलै १८६८ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. १८९२ मध्ये शिक्षण पूर्ण केल्यावर त्या हार्वर्ड वेधशाळेत आधी बिनपगारी आणि पुढे तासाला ३० सेंट मोबदल्यावर काम करू लागल्या. आजारपणामुळे कामात खंड पडत गेला, ऐकूही कमी येऊ लागले. आकाशाच्या छायाचित्रांच्या काचपट्ट्या भिंगाखाली तपासून ताऱ्यांचे तेज नोंदवायचे, हे त्यांचे काम.

पेरू देशातून घेतलेल्या छायाचित्रांत, मॅगेलनी मेघांमध्ये, त्यांना १,७७७ रूपविकारी तारे सापडले. ही यादी १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातील सेफीड प्रकारचे तारे ठरावीक काळाने उजळतात आणि मंदावतात. लहान मेघातील अशा २५ ताऱ्यांवरून १९१२ मध्ये त्यांनी नियम मांडला : आवर्तनकाळ जितका मोठा, तितका तारा अधिक तेजस्वी. हे सर्व तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावरचे. त्यामुळे तेजातला फरक खरा होता. आता आवर्तनकाळ मोजला की खरे तेज कळे आणि दिसणाऱ्या तेजाशी त्याची तुलना केली की अंतर. तो अहवाल मात्र संचालक एडवर्ड पिकरिंग यांच्या नावाने निघाला. तो लेव्हिट यांनी तयार केल्याचा उल्लेख आत होता.

१२ डिसेंबर १९२१ रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. दोनच वर्षांनी एडविन हबल यांना देवयानीत सेफीड तारा सापडला आणि देवयानी ही आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले. १९२९ मध्ये हबल यांनी दाखवले, की दीर्घिका जितकी दूर तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जाते. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांवरून हे प्रसरण वेग घेत असल्याचे कळले. त्यामागच्या अज्ञात कारणाला कृष्ण ऊर्जा म्हणतात. आज विश्वाच्या प्रसरणाचा वेग ठरवताना अतिनवताऱ्यांची अंतरे सेफीड ताऱ्यांशी पडताळून घेतली जातात.

१९२५ मध्ये स्वीडिश गणितज्ञ मिटाग-लेफ्लर यांनी नोबेलसाठी लेव्हिट यांचे नाव सुचवण्याच्या विचाराने हार्वर्डला पत्र धाडले. पत्र पोहोचले तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षे उलटली होती आणि नोबेलसाठी मृत व्यक्तीचे नाव सुचवता येत नाही.