बारा आठवड्यांचा ॲक्सिलरेटर आणि दोन वर्षांनी विकलेला पहिला नांगर



एरवी मी इथे ॲप, यूपीआय, बॅटरी अशा विषयांवर लिहितो. आज जरा वेगळं. गेल्या वर्षी मी नोकरी सोडली आणि पुण्यातल्या एका स्टार्टअप ॲक्सिलरेटरमध्ये दाखल झालो. तिथे नक्की काय करतात, दिवस कसा जातो, हे बरेच जण विचारतात. ते सांगतोच. पण तिथे असताना मला सगळ्यात जास्त शिकवलं ते १९५६ साली निधन झालेल्या एका माणसाने, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. त्यामुळे आजच्या लेखात दोन्ही गोष्टी आहेत.

ॲक्सिलरेटर म्हणजे काय?

सोप्या भाषेत, नव्या कंपन्यांसाठीचा क्रॅश कोर्स. ठरावीक आठवडे, एकदम आठ-दहा कंपन्यांची बॅच, थोडं भांडवल, मार्गदर्शन करणारे मेंटॉर, आणि शेवटी डेमो डे, म्हणजे गुंतवणूकदारांसमोर आपलं काम मांडायचा दिवस. बदल्यात ते तुमच्या कंपनीतला छोटा हिस्सा घेतात. अमेरिकेत २००५ साली वाय कॉम्बिनेटरने ही पद्धत सुरू केली आणि मग ती जगभर पसरली.

आमचा प्रोग्राम बारा आठवड्यांचा होता. सकाळी साडेनऊला सगळे एका मोठ्या हॉलमध्ये. एका टेबलावर आम्ही दोघं पार्टनर, शेजारी नागपूरची एक टीम, पलीकडे ड्रोनवाले. दुपारी मेंटॉरशी अर्धा तास, संध्याकाळी तीन मिनिटांत आपली कंपनी सांगायची प्रॅक्टिस. एक दिवस वकील आले आणि दोघांपैकी एकाने कंपनी सोडली तर शेअरचं काय होईल, हे आम्हाला लिहून काढायला लावलं. चार वर्षांची मैत्री असून आम्ही त्यावर कधी बोललोच नव्हतो. त्या रात्री रूमवर जेवताना दोघंही गप्प होतो.

पण सगळ्यात भीती वाटायची ती सोमवारची. सोमवारी प्रत्येक टीमने उभं राहून एकच आकडा सांगायचा: या आठवड्यात पैसे देणारे ग्राहक किती वाढले. आमचा आकडा सलग सहा आठवडे शून्य होता.

आमचं ॲप कोणी का घेत नव्हतं?

माझं गाव भिलवडीजवळ. लहान दूध संकलन केंद्रांसाठी आम्ही ॲप केलं होतं. कोणी किती लिटर दूध घातलं, फॅट किती लागली, दहा दिवसांचं बिल किती झालं, सगळा हिशेब मोबाईलवर. अजून बरीच लहान केंद्रं हे वहीत लिहितात. वही भिजते, बेरीज चुकते. ॲप फुकट वापरायला दिलं तरी लोक दोन दिवसांनी परत वहीवर यायचे. मी मेंटॉरना सांगितलं की गावाकडच्या लोकांना नवीन काही नको असतं. त्यांनी पिव्होट करायचा सल्ला दिला, म्हणजे आहे ते सोडून दुसरं काहीतरी विकायचं. माझ्या खात्यात तीन महिन्यांचे पैसे उरले होते आणि जुन्या कंपनीतून परत येतोस का अशी विचारणा आली होती.

त्या शनिवारी गावी निघालो. मिरजेकडे जाणाऱ्या गाडीला भिलवडीच्या आधी किर्लोस्करवाडी लागतं. हे स्टेशन मी लहानपणापासून बघतोय. आमच्या विहिरीवरची मोटारही किर्लोस्करचीच. पण या नावामागचा माणूस कोण, हे कधी वाचलंच नव्हतं. घरी गेल्यावर वाचायला घेतलं आणि रविवार त्यातच गेला.

चित्रकार व्हायचं होतं

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेत मन रमेना. चित्रं आणि यंत्रं, एवढ्याच दोन आवडी. वडिलांच्या मनात नसताना, थोरले भाऊ रामुअण्णांच्या पाठिंब्यावर ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायचा रस्ता तिथेच बंद झाला.

रंग गेले, पण रेषा हातात होत्या. ते यांत्रिक ड्रॉईंग शिकले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायला लागले. तिथे यंत्रं हाताळता यायची, ती उघडून बघता यायची. त्यांचं खरं इंजिनिअरिंग कॉलेज तेच.

याच काळात सायकल हे नवीन वाहन आलं होतं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. रामुअण्णा तिथे त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. दोघा भावांचं दुकान, म्हणून नाव किर्लोस्कर ब्रदर्स. किर्लोस्कर उद्योग आपली सुरुवात १८८८ची मानतो, ती या दुकानापासून. पुढे बढतीची पाळी लक्ष्मणरावांची असताना ती दुसऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दोन वर्षं आणि एक नांगर

सायकलच्या धंद्याशेजारी त्यांनी छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन वरवर उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो. फायदा उघड होता. तरीही शेतकरी घेईनात. लोखंडाने जमिनीत विष पसरतं, असा समज होता. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

मी इथे थांबलो. दोन वर्षं! आणि मी सहा आठवड्यांत लोकांना नावं ठेवत होतो.

नंतर माझ्या डोक्यात एक गोष्ट आली. लाकडी नांगराचा फाळ तर लोखंडाचाच असतो. मग लोखंडाची भीती कशी? माझा अंदाज असा: लाकडी नांगर मोडला तर गावातला सुतार तो संध्याकाळपर्यंत नीट करून देतो. हा नवा नांगर ऐन पेरणीच्या तोंडावर मोडला तर? ज्याचं वर्षाचं पोट एका हंगामावर आहे, त्याने हा विचार केला तर त्याला अडाणी कसं म्हणायचं?

बेळगाव सुटलं

नांगर कुठे खपायला लागले तोवर शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. वयाच्या चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेव्हा मदतीला आले औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते १९०९ साली गादीवर आले होते आणि स्वतः चित्रकार होते. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन दिली आणि कर्जाचीही सोय केली. आजच्या भाषेत सीड फंडिंग आणि ऑफिस, दोन्ही एकदम.

फक्त ऑफिस म्हणजे ओसाड माळ होता. फड्या निवडुंग आणि नाग, दोन्ही भरपूर. १९१० साली माणसं तिथे येऊन राहिली, निवडुंग तोडून जागा केली आणि कारखाना उभारला. राहायला धड घरं नव्हती. रामुअण्णांनी वसाहतीची व्यवस्था बघितली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब सांभाळले. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण तेच कल्पक इंजिनिअर ठरले. तुरुंगात शिक्षा भोगून आलेल्यांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीचं काम दिलं. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही, असाही त्यांचा कटाक्ष होता. काळ लक्षात घ्या, १९१०चं दशक. पुढे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल येईनासा झाला आणि देशी नांगराला मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा मिळवताना नाकी नऊ आले. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं मासिक काढलं. आज कंपन्या यूट्यूब चॅनल चालवतात, तसंच हे. ग्राहकाशी विक्रीनंतरही बोलत राहायचं. त्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ ही मराठीतली गाजलेली मासिकं उभी राहिली.

१९२६ साली कारखान्याने सेंट्रिफ्यूगल पंप बनवला. हा पंप चाक वेगाने फिरवून पाणी बाहेर ढकलतो. आज शेतातल्या बहुतेक मोटारींमागे हेच तत्त्व आहे. मुलगा शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून आला आणि पुढच्या पिढीने इंजिनं, विजेच्या मोटारी, यंत्रं असा पसारा वाढवला. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले.

मग मी काय केलं?

सोमवारी पुण्याला परत गेलोच नाही. पार्टनरला सांगितलं की या वेळी शून्य तूच सांग. पहाटे साडेपाचला गावातल्या केंद्रावर जाऊन उभा राहिलो. केंद्र चालवतात त्यांना सगळे तात्या म्हणतात. पहिल्यांदाच मी त्यांना ॲप न दाखवता विचारलं की नेमकी अडचण काय आहे.

उत्तर साधं होतं. वीस-पंचवीस माणसं किटल्या घेऊन रांगेत उभी असताना फोन हँग झाला तर त्यांनी कुणाला हाक मारायची? वहीला चार्जिंग लागत नाही. आणि फॅट कमी लागली तर दूध घालणाऱ्याला कागदावर आकडा बघायचा असतो. थोडक्यात काय, तर नांगर मोडला तर सुतार कोण?

पुढचे दहा दिवस मी सकाळ-संध्याकाळ केंद्रावर बसलो. ॲप इंटरनेटशिवाय चालेल असं केलं. छोटा प्रिंटर जोडला, प्रत्येकाला चिठ्ठी मिळायला लागली. हिशेबाची कॉपी तात्यांच्या मुलाच्या फोनवरही ठेवली. आणि भिंतीवर माझा नंबर मोठ्या अक्षरात लिहिला. तीनदा फोन आला, त्यात एकदा पहाटे. तिन्ही वेळा मी गेलो. दहाव्या दिवशी बिलं निघाली, बेरीज वहीशी जुळली. तात्यांनी महिन्याचे तीनशे रुपये यूपीआयने पाठवले.

डेमो डेला आमच्याकडे चार केंद्रं होती. शेजारच्या टीमकडे हजारो युजर होते. आम्हाला त्या दिवशी गुंतवणूक मिळाली नाही. जुन्या कंपनीला मी नाही कळवलं, आणि खर्च भागावा म्हणून आम्ही दोघं अर्धा वेळ बाहेरची कामं करतो. आता केंद्रं अकरा झाली आहेत.

तुम्ही कुठल्या ॲक्सिलरेटरसाठी अर्ज करणार असाल तर जरूर करा. हिशेब, कायदा, लोकांसमोर बोलणं, या गोष्टी तिथे झटपट शिकता येतात. फक्त अर्ज करण्याआधी एक काम करा. ज्याच्यासाठी ॲप बनवताय त्याच्याजवळ दहा दिवस बसा, आणि ते बंद पडलं तर तो कुणाला फोन करेल ते विचारा. तो नंबर तुमचा असला पाहिजे.